प्रकल्प नोंदी: कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतले सर्व्हर, जुलै-ऑगस्ट २०२४

१ जुलै २०२४, सोमवार

सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत काल संपली, म्हणजे यापुढे तिला दुरुस्त्या मिळणार नाहीत. या महिन्याचं काम त्यामुळे आधीच ठरलेलं होतं: फाउंड्रीचा ईआरपी (डिस्पॅच, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) ज्या सेंटओएसच्या मशीनवर चालतो, तो तिथून उतरवून अल्मालिनक्स ९ वर न्यायचा. आज फक्त यादी करायची होती. दुपारी क्वालिस या सुरक्षा कंपनीचा अहवाल आला आणि सगळा दिवस तिकडे गेला.

ओपनएसएसएच म्हणजे दुरून मशीनवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर; त्याच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे एसएसएचडीमध्ये, भोक सापडलंय. भोकांच्या जागतिक यादीतला (सीव्हीई) क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. पासवर्ड नको, लॉगिनची डिजिटल किल्ली नको. बाहेरून थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा. ग्लिबसी ही पायाभूत लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंतच्या आवृत्त्या यात येतात. दुरुस्ती ९.८पी१ मध्ये.

भोक कसं आहे ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्या शिरोलीत चार जणांना समजावायचंय. जोडणी आली की एसएसएचडी गजर लावतो: १२० सेकंदांत लॉगिन झालं नाही तर तोडायचं. ही मुदत म्हणजे लॉगिनग्रेसटाइम. मुदत संपली की सिग्नल येतो, आणि प्रोसेस जे काही करत असेल ते अर्ध्यावर थांबवून येतो. सिग्नल हाताळणारा कोड लॉग लिहायला सिसलॉगला हाक मारतो, आणि सिसलॉग आतून मेमरी मागतो. प्रोसेस नेमकी त्याच क्षणी मेमरीची मांडामांड करत असेल तर तिचा हिशेब विस्कटलेला असतो. ही वेळ बरोबर साधणाऱ्याला त्या गोंधळातून आपला कोड रूट म्हणून चालवता येतो. क्वालिसच्या हिशेबाने सरासरी दहा हजार प्रयत्न लागतात, ३२ बिट मशीनवर सहा ते आठ तास. ६४ बिटवर त्यांनी ते करून दाखवलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. हेच भोक २००६ मध्ये सीव्हीई-२००६-५०५१ या क्रमांकाने बुजवलेलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगचा कोड नव्याने मांडताना संरक्षणाची एक ओळ निघून गेली, आणि मार्च २०२१ च्या ८.५ बरोबर भोक परत जगभर पसरलं. ओपनएसएसएचची माणसं याबाबतीत सगळ्यात काटेकोर. त्यांच्याकडे हे होऊ शकतं, तर "मागे एकदा पॅच केलं होतं" हे उत्तर आपण कुणाकडूनच घ्यायचं नाही.

डेबियन आणि उबंटू या दोन्ही लिनक्सची दुरुस्ती आजच आली. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसच्या मशीनवर आधी लावली. जुनं सेशन चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून पाहिलं, मगच जुनं बंद केलं. ही पद्धत सगळीकडे पाळायची.

२ जुलै, मंगळवार

सकाळी शिरोली एमआयडीसी. पहिला मान वजनकाट्याला.

काट्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली अॅटमचा जुना डबा, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, आहे. त्याच्या जाळीवर मोल्डिंगच्या काळ्या वाळूचा थर, मागून काट्याची सिरियल केबल, वरून कॅमेऱ्याची. भरलेला ट्रक आला की वजन आणि नंबर प्लेटचा फोटो हा डबा ईआरपीला पाठवतो. त्यावर डेबियन १२, ३२ बिट. जोडणी केल्यावर एसएसएचडी स्वतःची ओळख सांगतो, त्या ओळीत शेपटी होती: ९.२पी१, डेबियन-२+डेब१२यू२. क्वालिसने हल्ला करून दाखवलेल्या मशीनांमध्ये हुबेहूब हीच आवृत्ती आहे, तीही ३२ बिटवरच.

आणि राउटरवर या डब्याचा २२ नंबरचा पोर्ट (एसएसएचचा नेहमीचा दरवाजा) थेट इंटरनेटला उघडा होता. काट्याच्या सर्व्हिसवाल्यांना दुरून बघता यावं म्हणून कुणीतरी कधीतरी उघडलेला.

आधी राउटरवरचा पोर्ट बंद केला. मग पॅकेज चढवलं. ओळखीची शेपटी डेब१२यू३ झाली. मग लॉग काढून बसलो. "लॉगिनच्या आधी वेळ संपली" अशा नोंदींची रांग लागलेली असती तर डबा पुसून नव्याने बसवावा लागला असता. तशी रांग नाही. पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करणारे नेहमीचे बॉट तेवढे दिसतात.

काट्यावरचे मामा सगळं बघत होते. म्हणाले, "म्हणजे कुणी इथनं वजन बदलू शकलं असतं?" हो, मामा. वजन, फोटो, सगळंच. त्यांनी लगेच चलनांची फाइल काढली आणि गेल्या दोन दिवसांची वजनं रजिस्टरशी ताडून पाहिली. मला सांगावं लागलं नाही. सगळी जुळली.

३ जुलै, बुधवार

ईआरपीच्या सेंटओएसवर यम (पॅकेज आणणारी आज्ञा) चालवलं तर मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेज कुठे मिळतील ते सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ताच सापडत नाही असं उत्तर आलं. मुदत संपल्याबरोबर तो सर्व्हर बंद झालाय. जुनी पॅकेजेस आता फक्त व्हॉल्ट या जुन्या साठ्यात, जशी होती तशी. नवं काही येणार नाही.

मालकांशी बोलणं झालं. त्यांचा मुद्दा साधा आणि रास्त होता: "तुम्हीच म्हणताय की ह्या मशीनला ते भोक नाही. मग चालू गाडीला खीळ कशाला घालायची?"

भोक नाही हे खरंच. सेंटओएस ७ वर ओपनएसएसएच ७.४ आहे, आणि चूक आली ८.५ मध्ये. पण जुनं म्हणून ते मजबूत ठरत नाही. या एका चुकीच्या आधीचं आहे, एवढंच. मी त्यांना पीकेएक्सेक या लिनक्समधल्या, रूटचे अधिकार देणाऱ्या प्रोग्रामचं उदाहरण दिलं. जानेवारी २०२२ मध्ये त्यात भोक सापडलं, सीव्हीई-२०२१-४०३४. २००९ पासूनच्या प्रत्येक आवृत्तीत ते होतं, म्हणजे या मशीनवरही होतं. तेव्हा सेंटओएस ७ मुदतीत होतं म्हणून दुरुस्ती आली आणि आपण ती लावली. सेंटओएस ६ ची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपलेली. त्यांना ती मिळाली नाही. तसलं पुढचं भोक सापडेल तेव्हा आपण सेंटओएस ६ वाल्यांच्या जागी असू.

मालक थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, डिस्पॅच किती वेळ थांबेल? मी म्हटलं, एक रविवार. "मग रविवारीच करा, पण हीट चालू असताना हात लावायचा नाही." हीट म्हणजे फर्नेसमधली धातूची एक खेप. ठरलं.

५ जुलै, शुक्रवार

सगळ्या मशीनांवर पॅकेज नवं आहे अशी यादी माझ्या सहकारिणीने तयार केली. मग तिनेच विचारलं, "दादा, ही यादी आपल्याला माहीत असलेल्या मशीनांची झाली. माहीत नसलेल्यांचं काय?" बरोबर बोलली. आतल्या नेटवर्कवर फक्त २२ न बघता सगळे पोर्ट तपासले, आणि एसएसएच म्हणून ओळख सांगणारं जे जे आहे ते लिहून काढलं.

लॅबच्या सर्व्हरवर दोन निघाले. २२ वर उबंटूचा, कालच दुरुस्त केलेला. २२२२ वर डेबियनचा, जुनी शेपटी घेऊन. उबंटूच्या मशीनवर डेबियन कुठून आला?

डॉकर. त्यात एखादं सॉफ्टवेअर स्वतःच्या फायलींसकट वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालतं; तो ज्या साच्यातून बनतो ती इमेज. स्पेक्ट्रोचे (धातूतले घटक मोजणारं यंत्र) रिझल्ट आणि टेस्ट सर्टिफिकेटं गिऱ्हाइकांना पाठवायला एका सॉफ्टवेअरवाल्याने कंटेनर बसवून दिलाय, त्यात स्वतःचा एसएसएचडी. बाहेरच्या मशीनवर कितीही पॅच चढवा, कंटेनरमधल्या फायली इमेज बांधली त्या दिवशीच्याच राहतात. स्वयंचलित अपडेट तिथे पोहोचतच नाही. त्यांना फोन केला तर उत्तर आलं, "कंटेनरमध्येच आहे, बाहेर काही होत नाही." पण प्रत्येक हीटच्या सर्टिफिकेटांचं फोल्डर त्या कंटेनरला जोडलेलं आहे, लिहिण्याच्या परवानगीसकट. कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे ज्यावर छापलेत तो कागद कुणी बदलू शकत असेल, तर बाहेर आणखी काय व्हायला हवं?

नवी इमेज येईपर्यंत त्यात लॉगिनग्रेसटाइम शून्य केला. त्याने मुदतीचा गजरच लागत नाही, म्हणून भोक बंद होतं. पण न लॉगिन केलेल्या जोडण्या अडकून राहतात, कुणी मुद्दाम सगळ्या जागा भरल्या तर खरं गिऱ्हाईक बाहेर राहतं. म्हणून सोबत फायरवॉलवर ठराविक पत्त्यांनाच वाट दिली. इमेज सोमवारी मिळेल म्हणतात.

आजपासून यादीत "पॅकेज आवृत्ती" या रकान्याशेजारी "पोर्टवर दिसलेली आवृत्ती" हा रकाना. काम झालं की नाही ते दुसऱ्या रकान्यावरून ठरेल.

९ जुलै, मंगळवार

कंटेनरची नवी इमेज आली, बसवली, २२२२ वर नवी शेपटी दिसली.

काल आणखी एक बाहेर आलं: सीव्हीई-२०२४-६४०९. पहिल्या भोकाची तपासणी करताना सोलर डिझायनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुरक्षा संशोधकांना हे सापडलं. मूळ ओपनएसएसएचच्या कोडमध्ये ही वाट नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीने ऑडिटच्या सोयीसाठी जो जादा पॅच जोडलाय, त्याच्यामुळे सिग्नलच्या हाताळणीत पुन्हा तसलंच असुरक्षित काम होतं. म्हणजे रेड हॅट ९ आणि त्याच्यावर बेतलेलं अल्मा ९ यात सापडतं. मोठ्या अधिकारांच्या प्रोसेसमध्ये नाही, अधिकार काढून घेतलेल्या पोटप्रोसेसमध्ये घडतं, म्हणून धोका कमी. पण ईआरपीसाठी आणलेलं नवं मशीन अल्मा ९ चंच आहे.

वितरण (डेबियन, अल्मा यांसारखं तयार लिनक्स) निवडतो तेव्हा आपण त्यांनी वर चढवलेले पॅचही निवडतो. मूळ प्रकल्पाची सूचना वाचून थांबायचं नाही; वितरणाची सुरक्षा यादी रोज बघायची. आज दोन्हींची वर्गणी सहकारिणीच्या आणि माझ्या मेलवर सुरू केली. नव्या मशीनवर तूर्त लॉगिनग्रेसटाइम शून्य. ते अजून आतल्या नेटवर्कवरच आहे.

१२ जुलै, शुक्रवार

अल्माची दुरुस्ती आली, लावली, शून्याचा बदल मागे घेतला.

पुण्याकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या तपासणीचा अहवाल आलाय. त्यांच्या स्कॅनरने लॅबचा सर्व्हर लाल दाखवलाय: "ओपनएसएसएच ८.९पी१, असुरक्षित, ९.८ वर न्या." मालकांचा फोन, थोडा चढा आवाज.

स्कॅनर फक्त पहिला आकडा वाचतो. उबंटू २२.०४ आपली आवृत्ती ८.९च ठेवतं आणि दुरुस्तीचा तेवढा तुकडा मागे आणून जोडतं, शेपटी ०.१० झाली की काम झालं. डेबियनचंही तसंच. हे मुद्दाम केलेलं असतं: पाच वर्षं मशीनचं वागणं बदलू नये, फक्त भोकं बुजत राहावीत. बाहेरून ९.८ आणून कंपाइल करून बसवलं असतं तर स्कॅनर हिरवा झाला असता आणि पुढच्या महिन्यापासून ते मशीन उबंटूच्या दुरुस्त्यांच्या बाहेर गेलं असतं.

उत्तरात पॅकेजच्या बदलनोंदीतली सीव्हीई क्रमांकाची ओळ, उबंटूची सूचना यूएसएन-६८५९-१, आणि पोर्टवर दिसणारी ओळख, तिन्ही जोडून पाठवलं. त्यांच्या तपासनिसांनी संध्याकाळपर्यंत मान्य केलं. त्यांनी लॉगबद्दलही विचारलं होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. आपले लॉग वजनकाट्याच्या डब्यावर जागेअभावी महिनाभरच टिकत होते. ते आता ऑफिसच्या मशीनवर गोळा होतात.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

आज मोहरमही. फर्नेस थंड. नंदवाळची दिंडी सकाळी निघाली, आमचे निम्मे लोक पुईखडीच्या रिंगणाला गेलेत. रीबूटला याहून चांगला दिवस मिळणार नाही.

कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, दुखणं वेगळं. पॅकेज चढतं, डिस्कवर नवा कर्नल येऊन बसतो, आणि मशीन जुन्यावरच चालत राहतं. लॅबचा सर्व्हर गेल्या दिवाळीपासून बंदच झाला नव्हता. डिस्कवर कर्नलांची रांग, चालू मात्र दिवाळीचा. नेटफिल्टर या कर्नलच्या फायरवॉलच्या भागातलं सीव्हीई-२०२४-१०८६ त्यात उघडं होतं. त्याची दुरुस्ती वर्षाच्या सुरुवातीलाच आलेली. मे अखेरीस अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने ते प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलं जाणाऱ्या भोकांच्या यादीत घातलं. मशीनवर साधं खातं मिळालेला माणूस त्यातून रूट होतो.

एकेक करून सगळी मशीनं फिरवली, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू केली. लॅबचा सर्व्हर परत आला तेव्हा स्पेक्ट्रोचं फोल्डर जोडलं गेलं नव्हतं. कुणीतरी ते हाताने जोडलेलं, मशीन सुरू होताना आपोआप जोडायच्या यादीत नोंद नाही. नोंद केली, पुन्हा फिरवलं, आपोआप जोडलं गेलं. हे हीट चालू असताना वीज जाऊन घडलं असतं तर लॅबच्या ताईंना रिझल्ट कागदावर लिहावे लागले असते.

यादीत तिसरा रकाना: "चालू कर्नल".

२० जुलै, शनिवार

काल क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची विंडोज मशीनं निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले. फाउंड्रीत ते सॉफ्टवेअर नाही, काही झालं नाही. पण मालकांचा निरोप आला: "अपडेट थांबवा."

प्रत्यक्ष जाऊन भेटलो. फोनवर समजावण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्यांची भीती खोटी नाही. अपडेटही मशीन पाडू शकतं. कालचं अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं आणि कुणाला मध्ये थांबायची संधीच मिळाली नाही. आपण रांग लावतो. आधी ऑफिसचं मशीन, मग वजनकाटा, कारण तिथे मामांचं रजिस्टर आहे आणि अर्धा दिवस त्यावर निघतो. मग लॅब, शेवटी ईआरपी. प्रत्येक टप्प्यात परतीची वाट: आधीचं पॅकेज आणि आधीचा कर्नल ठेवलेला. बाहेरून थेट घुसता येईल असं भोक असेल तर ही रांग एका दिवसात संपवायची. नाहीतर आठवडाभर चालेल.

अपडेट थांबवायचं नाही, पण रांग मोडायची नाही आणि ईआरपीच्या आधी त्यांना फोन करायचा, असं ठरलं. मला हे पटलं. कारखाना त्यांचा आहे.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीय. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, त्यामुळे लोक आधीच सावध. परवाचा रविवार स्थलांतरासाठी ठरला होता, पुढे ढकलला. मशीन अर्ध्यात उघडून ठेवायचं आणि पुढच्या दिवशी पोहोचताच येऊ नये, असं नको. ईआरपीचा पूर्ण बॅकअप राजारामपुरीत आणून ठेवला आणि इथल्याच मशीनवर उघडून पाहिला.

४ ऑगस्ट, रविवार

स्थलांतर झालं.

सेंटओएसवर पोस्टग्रेस ९.२ हा डेटाबेस होता, त्याचीही मुदत २०१७ मध्येच संपलेली. नव्या मशीनवर १६. डेटाचं फोल्डर उचलून ठेवायचा प्रश्नच नव्हता. नव्या आवृत्तीच्या साधनाने डंप, म्हणजे सगळ्या डेटाची उतरवलेली प्रत, काढला आणि परत भरला. इंडेक्स (शोधासाठी क्रमाने लावलेल्या याद्या) त्यामुळे नव्याने बांधले गेले, ते हवंच होतं, कारण ग्लिबसीच्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदललेत. पॅटर्नच्या याद्या, हीट नंबर, थकबाकी, सगळ्याच्या बेरजा जुन्या मशीनशी ताडल्या. अकाउंटच्या ताई स्वतः येऊन बसल्या होत्या, त्यांनी प्रत्येक खात्याची अखेरची शिल्लक पाहिल्याशिवाय सही दिली नाही.

एकच गोष्ट अडली. स्पेक्ट्रोचा पीसी नव्या सर्व्हरवर लॉगिन करेना. अल्मा ९ मध्ये एसएचए-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीच्या डिजिटल सह्या मुळातच बंद असतात आणि त्या पीसीवरचा फाइल पाठवायचा प्रोग्राम जुना, त्याला दुसरं काही येत नव्हतं. सर्व्हरची एक आज्ञा दिली की जुन्या सह्या चालू होतात. दिली नाही. सगळ्या कारखान्याचं कुलूप एका पीसीसाठी ढिलं करण्यापेक्षा त्या पीसीवरचा प्रोग्राम नवा घातला. तासभर गेला. रात्री पहिल्या हीटचा रिझल्ट ईआरपीत दिसला तेव्हा लॅबच्या ताईंनी फोन करून सांगितलं.

जुनं मशीन नेटवर्कवरून काढलं. डिस्क महिनाभर ठेवायची, मग पुसायची.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं. आज केशवरावांची जयंती. सकाळी सगळेच तिकडे जाऊन आले. आज बैठक घेतली नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पहिली ठरलेली पॅच-फेरी पार पडली. ऑफिस, काटा, लॅब झालं. ईआरपी रविवारी, मालकांना फोन करून.

शिल्लक एकच. ५ जुलैच्या तपासणीत कॉम्प्रेसरच्या पॅनेलमध्येही एसएसएच सापडलं होतं, ओळख ८.६. आत छोटं लिनक्स आहे आणि आपल्याला त्यावर पॅकेज चढवता येत नाही. फर्मवेअर बनवणाऱ्यानेच द्यायला हवं. त्यांच्याकडून आतापर्यंत "पुढच्या आवृत्तीत" एवढंच उत्तर आहे. पॅनेल वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या तोडून काढलेल्या भागात, टाकलंय, तिथून इंटरनेट नाही, आणि मेंटेनन्सच्या एका लॅपटॉपशिवाय कुणाला वाट नाही. लेखी विचारणा पुन्हा पाठवली, यावेळी मालकांच्या सहीने. कॉम्प्रेसरचा वार्षिक देखभाल करार ऑक्टोबरमध्ये नवा होतोय. सुरक्षा दुरुस्ती किती दिवसांत देणार, हे कलम त्यात घालायला मालक तयार आहेत. मसुदा सहकारिणी करतेय, शुक्रवारपर्यंत.